घराचं छप्पर बदललं की दारात येणारा तो लोखंडी डबा, त्याचं नाव एका महापौराच्या आडनावावरून पडलंय

तुमचा एखादा मावसभाऊ किंवा शाळेतली मैत्रीण अमेरिकेत राहत असेल, तर हा सीन तुम्ही व्हिडिओ कॉलवर नक्की पाहिला असेल.

टेक्सासमध्ये गारपीट झालेली असते. लिंबाएवढ्या गारांनी घराचं छप्पर फोडून ठेवलेलं असतं. मग विमा कंपनीचा माणूस येतो, फोटो काढतो आणि छप्पर बदलायचं ठरतं. कामाच्या आदल्या दिवशी एक भला मोठा ट्रक येतो आणि घरासमोरच्या ड्राइव्हवेवर एक उघडा लोखंडी डबा सरकवून निघून जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पाच-सहा जण छपरावर चढतात, जुनी कौलं खरवडून थेट त्या डब्यात टाकतात आणि संध्याकाळपर्यंत घराला नवं छप्पर बसलेलं असतं. दोन दिवसांनी ट्रक परत येतो, भरलेला डबा उचलतो आणि जातो.

भाऊ सांगतो, अरे तो डम्पस्टर आहे, भाड्याने मिळतो.

आपल्याला वाटतं, डम्प म्हणजे टाकणं, म्हणून डम्पस्टर. इंग्रजीतला एखादा जुना शब्द असेल. पण तसं नाहीये. हा शब्द सुमारे नव्वद वर्षांपूर्वी कारखान्यात तयार झाला, आणि त्यात एका माणसाचं आडनाव लपलेलं आहे.

त्या माणसाचं नाव जॉर्ज रॉबी डेम्पस्टर. पनामा कालव्यावर वाफेचं फावडं चालवणारा कामगार, मग रस्ते आणि धरणं बांधणारा ठेकेदार, मग शोध लावणारा कारखानदार, मग शहराचा प्रशासक आणि शेवटी महापौर. त्यांचीच ही गोष्ट.

नॉक्सव्हिलचा पोरगा पनामाला गेला

जॉर्ज डेम्पस्टर यांचा जन्म १८८७ चा. गाव नॉक्सव्हिल. अमेरिकेच्या टेनेसी राज्याच्या पूर्व भागातलं, डोंगरांच्या कुशीतलं शहर. आजूबाजूला संगमरवराच्या खाणी, कापडाच्या गिरण्या आणि रेल्वे. हाताला काम हवं असेल तर ते अंगमेहनतीचंच मिळायचं.

विशीत असताना हा पोरगा थेट पनामाला जाऊन पोहोचला.

त्या काळात पनामा म्हणजे जगातली सगळ्यात मोठी बांधकामाची साइट होती. अटलांटिक आणि पॅसिफिक हे दोन महासागर जोडणारा कालवा आधी फ्रेंचांनी खणायला घेतला होता. १८८० च्या दशकात मलेरिया आणि पीतज्वराने त्यांची हजारो माणसं मेली, कंपनी बुडाली आणि काम अर्धवट राहिलं. १९०४ मध्ये ते अमेरिकेने हातात घेतलं आणि १९१४ मध्ये पहिलं जहाज कालव्यातून गेलं.

डेम्पस्टर तिथे स्टीम शोव्हेल चालवायचे. आजच्या जेसीबी-पोकलेनचा खापरपणजोबा म्हणा. वाफेवर चालणारं, रेल्वेच्या रुळांवर उभं राहणारं ९०-९५ टनांचं धूड. एका खेपेला कित्येक टन दगड-माती उचलायचं.

या साइटवरची एक गोष्ट समजून घेतली की पुढची सगळी स्टोरी समजते.

पनामात खोदण्यापेक्षा अवघड काम होतं खोदलेलं बाहेर नेणं. कुलेब्रा नावाचा डोंगर कापायचा होता, आणि तिथून निघालेला मलबा कोट्यवधी घनमीटरमध्ये मोजावा लागत होता. फावडं कितीही मोठं असलं तरी त्याच्याखाली रिकामी गाडी उभी नसेल, तर ते नुसतं धूर सोडत उभं राहतं. रेल्वेतून आलेले मुख्य अभियंते जॉन स्टीव्हन्स यांनी हे बरोबर ओळखलं. त्यांनी खोदकाम थांबवून आधी रुळांचं जाळं नीट केलं. मलबा नेणाऱ्या गाड्यांची रांग अशी लावली की फावड्याला थांबायलाच नको. गाडी रिकामी करायलाही युक्ती होती. सपाट वाघिणींच्या रांगेवरून एक मोठा नांगर तारेने ओढला जायचा आणि अख्खी गाडी काही मिनिटांत रिकामी व्हायची.

म्हणजे काय, तर महागडं यंत्र रिकामं थांबता कामा नये. डेम्पस्टर त्या फावड्यावर बसून रोज हेच बघत होते. त्यांच्या डोक्यात नेमकं काय चाललं होतं हे सांगता येणार नाही, पण पंचवीसेक वर्षांनी त्यांनी जे यंत्र बनवलं त्यात हाच हिशोब आहे.

भावाभावांची कंपनी

पनामाहून परत आल्यावर डेम्पस्टर यांनी भावांना सोबत घेतलं आणि ठेकेदारीची कंपनी काढली. पुढे ती डेम्पस्टर ब्रदर्स या नावाने ओळखली गेली. अमेरिकेच्या आग्नेय भागात त्यांनी रस्ते, रेल्वेमार्ग आणि धरणांची कामं केली.

हा काळ लक्षात घ्या. मोटारी वाढत होत्या. मोटारींना रस्ते लागत होते, रस्त्यांना डोंगर फोडावे लागत होते. पूर्व टेनेसीत तर सगळीकडे डोंगरच. ठेकेदाराचा नफा एकाच गोष्टीवर ठरायचा, फोडलेला दगड किती लवकर आणि किती स्वस्तात हलवता येतो.

आता साइटवर काय व्हायचं बघा. ट्रक येऊन उभा राहायचा. मजूर फावड्याने, घमेल्याने त्यात माल भरायचे. अर्धा तास, एक तास ट्रक उभाच. ड्रायव्हर बिडी ओढत बसलेला, त्याची मजुरी चालू. ट्रक भरला की तो निघून जायचा आणि मग मजूर बसून राहायचे, कारण भरायला काही नाही. म्हणजे एक तर ट्रक थांबलेला, नाही तर माणसं थांबलेली.

यावरचा उपाय डेम्पस्टर बंधूंनी काढला, आणि तो ऐकायला इतका सोपा आहे की वाटतं, यात काय विशेष.

ट्रकचा डबा ट्रकपासून वेगळा करायचा.

तर हे डम्पस्टर चालायचं कसं

डबा स्वस्त असतो, ट्रक महाग असतो. मग महाग वस्तू एकच ठेवा आणि स्वस्त वस्तू दहा-वीस ठेवा. जिथे जिथे माल निघतो तिथे तिथे लोखंडी डबे ठेवून द्या. माणसं आपापल्या वेगाने भरत राहतील. ट्रक फक्त भरलेला डबा उचलेल, नेऊन ओतेल आणि रिकामा परत आणून ठेवेल.

आपल्याकडच्या गॅस सिलेंडरचं उलटं गणित. तिथे भरलेला आणून रिकामा नेतात, इथे रिकामा ठेवून भरलेला नेतात.

यासाठी ट्रकच्या मागच्या बाजूला दोन मजबूत लोखंडी हात बसवले. हातांना साखळ्या. साखळ्या डब्याच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्यांना अडकवायच्या. ड्रायव्हरने दांडा ओढला की हायड्रॉलिकच्या जोरावर हात उचलले जायचे आणि डबा जमिनीवरून उठून ट्रकच्या पाठीवर येऊन बसायचा. टाकायच्या जागी गेलं की डब्याचा तळ उघडायचा, माल खाली. एक ड्रायव्हर, एक ट्रक, फावडं मारायला कोणी नको.

१९३५ च्या सुमारास याचं पेटंट मिळालं. नाव ठेवलं डेम्पस्टर-डम्पस्टर. आडनावात डम्प मिसळलं, यमक जुळलं आणि नाव लोकांच्या तोंडात बसलं.

हे वर्णन वाचून तुम्हाला ओळखीचं काही आठवलं का? आपल्याकडे चौकाचौकात लोखंडी कचराकुंड्या असायच्या आणि त्या उचलायला मागे दोन हात असलेला ट्रक यायचा. महापालिकेच्या भाषेत त्याला डंपर प्लेसर म्हणतात. आजही अनेक शहरांत तो दिसतो. लहानपणी शाळेत जाताना थांबून तो ट्रक कुंडी कशी उचलतो हे ज्यांनी पाहिलंय, त्यांनी डेम्पस्टर यांच्या कल्पनेचाच पुढचा अवतार पाहिलाय.

दगडासाठी बनवलं, कचऱ्यासाठी गाजलं

मूळ विचार बांधकामाच्या मालाचा होता. पण लवकरच लक्षात आलं की शहराचा कचरा हीसुद्धा तीच अडचण आहे.

त्या काळात कचरा उचलणं म्हणजे काय होतं? दारामागे किंवा गल्लीत पिंप ठेवलेलं. नाही तर नुसताच ढीग. कामगार यायचा, पिंप खांद्यावर किंवा डोक्यावर घ्यायचा, गळणारं पाणी अंगावर घेत गाडीपर्यंत न्यायचा आणि उंच करून ओतायचा. ढीग असेल तर फावड्याने. उंदीर, माश्या, वास हे सगळं त्याच्या वाट्याला.

बाजारपेठ, हॉटेल, कारखाना, शाळा, दवाखाना अशा ठिकाणी मोठा झाकणाचा डबा ठेवला आणि तो यंत्राने उचलला, तर हा सगळा प्रकार बराच कमी होतो. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे डबे अमेरिकेतल्या शहरांमध्ये दिसायला लागले.

१९५० च्या दशकात कंपनीने पुढची पायरी गाठली. डबा नेऊन परत आणायचा तरी कशाला? ट्रकच्या पुढे दोन काटे बसवा. काटे डब्याच्या बाजूच्या खाचांत घाला, डबा ड्रायव्हरच्या डोक्यावरून उचला, ट्रकच्या पोटात उपडा करा आणि तिथल्या तिथे खाली ठेवा. याचं नाव डम्पमास्टर. समोरून उचलणाऱ्या कचरागाड्यांमधली खऱ्या अर्थाने चाललेली ही पहिली गाडी मानली जाते. हॉलिवूडच्या सिनेमात हिरो गल्लीतल्या ज्या हिरव्या डब्यामागे लपतो, तो डबा या पद्धतीचा.

आयुक्त पण तेच, कारखानदार पण तेच

आता गोष्टीला राजकीय वळण.

नॉक्सव्हिलने १९२३ मध्ये कारभाराची नवी पद्धत घेतली होती, सिटी मॅनेजरची. आपल्या महापालिका आयुक्तासारखं पद, पण एक मोठा फरक. आपला आयुक्त राज्य सरकार पाठवतं. तिथला मॅनेजर नगरसेवकच नेमतात आणि नगरसेवकच काढतात. म्हणजे बहुमत फिरलं की खुर्ची गेली.

१९२० चं दशक संपता संपता डेम्पस्टर या खुर्चीत आले. वेळ वाईट होती. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. १९३० मध्ये टेनेसीतली कॉल्डवेल अँड कंपनी ही मोठी वित्तसंस्था बुडाली आणि तिच्यासोबत दक्षिणेतल्या अनेक बँका गेल्या. नॉक्सव्हिललाही त्याचा जबर फटका बसला. कर भरायला लोकांकडे पैसे नाहीत आणि पगार द्यायला शहराकडे नाहीत. अशा वेळी शहर चालवायला ठेकेदारीचा अनुभव कामी येतो. पण ठेकेदारीतला हुकमी स्वभाव शत्रूही तयार करतो. त्यांची खुर्ची गेली, नगरसेवकांचं बहुमत बदललं आणि १९३० च्या दशकाच्या मध्याला ते परत आले.

इथे एक प्रश्न विचारायलाच हवा. शहराचा कचरा कसा उचलायचा हे ठरवणाऱ्या खुर्चीत जो माणूस बसलाय, त्याच्याच घरची कंपनी कचरा उचलायचं यंत्र बनवते. हे चालतं का?

आज असं झालं तर एका दिवसात हॅशटॅग येईल. तेव्हा हॅशटॅग नव्हता, पण प्रश्न तोच होता. बाजू दोन्हीकडून मांडता येते. यंत्र खरंच चांगलं होतं, पुढे जगाने ते स्वीकारलं, त्यामुळे शहराला ते हवंच होतं. दुसरीकडे, यंत्र चांगलं आहे हे ठरवणारा आणि विकणारा एकच असेल, तर लोकांनी विश्वास कुणावर ठेवायचा? डेम्पस्टर हुशार होते, कष्टाळू होते हे मान्य करूनही त्यांच्या आयुष्यातली ही अवघडलेली जागा झाकून ठेवता येत नाही.

किराणा दुकानदाराशी वैर

आणि त्यांना सुखाने झोपू न देणारा एक माणूस शहरात होताच. कॅस वॉकर.

हे पात्र समजून घ्यायलाच हवं. वॉकर डोंगराळ भागातल्या गरीब घरातून आले, कोळशाच्या खाणीत राबले आणि मग किराणा दुकानांची साखळी उभी केली. गिऱ्हाईक खेचायला काय वाट्टेल ते. दुकानाच्या छपरावरून जिवंत कोंबड्या खाली सोडायच्या, जो पकडेल त्याची. एकदा तर दुकानाच्या आवारात एका माणसाला जिवंत पुरून घेतलं होतं, श्वास घ्यायला नळी ठेवून, आणि बघायला झुंबड उडाली होती. त्यांचा रेडिओवर आणि नंतर टीव्हीवर स्वतःचा कार्यक्रम होता. पुढे जगप्रसिद्ध झालेली गायिका डॉली पार्टन लहानपणी याच कार्यक्रमात गायली.

वॉकर यांचं राजकारण एका वाक्यात सांगायचं तर, करवाढ नको आणि मोठ्या लोकांच्या मोठ्या योजना नकोत. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड घालायलाही त्यांचा विरोध होता. त्यांचा मतदार गरीब, कामकरी, ज्याला वाटायचं की शहरातले शिकलेले लोक आपल्या पैशावर आपली हौस भागवतात.

डेम्पस्टर याच्या बरोबर उलट टोकाला. रस्ते करा, यंत्रं आणा, शहर पुढे न्या, त्यासाठी खर्च करावा लागला तर करा. या दोघांची भांडणं कित्येक वर्षं चालली आणि नॉक्सव्हिलच्या लोकांसाठी ती करमणूकही होती आणि डोकेदुखीही. तिथली सभागृहं किती तापायची याचा एक नमुना सांगतो. १९५६ मध्ये, डेम्पस्टर पदावरून गेल्यानंतर, वॉकर दुसऱ्या एका नगरसेवकावर मूठ उगारून धावून गेले. तो फोटो लाइफ या देशभर खपणाऱ्या मासिकात छापून आला.

या सगळ्यात १९४० मध्ये डेम्पस्टर यांनी थेट राज्यपालपदासाठी उडी घेतली. अमेरिकेत राज्यपाल निवडून येतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी ते प्रेंटिस कूपर यांच्याविरुद्ध उभे राहिले. कूपर यांच्या मागे मेम्फिसचे एड क्रम्प होते. टेनेसीत कुणाला निवडून आणायचं हे त्या काळात बऱ्याचदा क्रम्प यांच्या घरी ठरायचं. डेम्पस्टर हरले.

मग ते १९५२ मध्ये नॉक्सव्हिलचे महापौर झाले आणि १९५५ पर्यंत राहिले. त्यांच्यानंतर जॅक डान्स महापौर झाले. सप्टेंबर १९६४ मध्ये डेम्पस्टर गेले. वय ७७.

गंमत बघा. प्रशासक म्हणून, महापौर म्हणून आणि राज्यपालपदाचा उमेदवार म्हणून त्यांनी जेवढी वर्षं घालवली, ती आज नॉक्सव्हिलच्या बाहेर फारशी कुणाला माहीत नाहीत. डब्याचं नाव मात्र जगभर आहे.

मेम्फिसची एक दुपार

डेम्पस्टर यांची गोष्ट यंत्राच्या कौतुकावर संपवता येत नाही, आणि त्याचं कारण त्यांच्याच राज्यात घडलं.

१ फेब्रुवारी १९६८. डेम्पस्टर यांना जाऊन साडेतीन वर्षं झाली होती. टेनेसीच्या दुसऱ्या टोकाला, मेम्फिसमध्ये पाऊस कोसळत होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार पावसापासून वाचायला कचरागाडीच्या मागच्या भागात शिरले. हा डबा उचलणारा ट्रक नव्हता, कचरा आत दाबणारा होता. बिघाड झाला, दाबणारं यंत्र अचानक सुरू झालं आणि दोघेही आत चिरडून मेले.

तिथले कामगार तेव्हाही गळकी टबं डोक्यावर-खांद्यावर घेऊन घराघरांतून कचरा आणत होते. पगार इतका तुटपुंजा की नोकरी असूनही अनेकांना सरकारी मदतीवर जगावं लागायचं. या दोघांच्या मृत्यूनंतर सुमारे १३०० कामगार संपावर गेले. त्यांना पाठिंबा द्यायला मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला आले, आणि तिथेच ४ एप्रिल १९६८ ला त्यांची हत्या झाली.

म्हणजे खांद्यावरचं ओझं कमी करणारं तंत्र याच राज्यात तीस वर्षांपूर्वी तयार झालं होतं. पण ते कुणाच्या गल्लीत पोहोचतं, आणि कुणाच्या डोक्यावर टब तसंच राहतं, हे यंत्र ठरवत नाही. हे खुर्चीत बसलेली माणसं ठरवतात.

आडनाव शब्दकोशात गेलं

कंपनीने डम्पस्टर हा ट्रेडमार्क म्हणून नोंदवला होता. पण आपल्याकडे प्रत्येक खोदणाऱ्या मशीनला जेसीबी म्हणतात, कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतात आणि वनस्पती तुपाला डालडा म्हणतात, तसंच इथे झालं. कुठल्याही कंपनीचा डबा असो, लोक डम्पस्टरच म्हणायला लागले. आता तो ट्रेडमार्क उरलेला नाही. आज कोणतीही कंपनी डम्पस्टर बनवू शकते, कोणीही भाड्याने देऊ शकतं.

सोशल मीडियाने तर त्याला वेगळंच आयुष्य दिलं. एखादी गोष्ट पूर्ण वाया गेली, सगळाच बट्ट्याबोळ झाला की अमेरिकन लोक त्याला डम्पस्टर फायर म्हणतात, म्हणजे पेटलेली कचराकुंडी. अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने २०१६ चा वर्षाचा शब्द म्हणून हाच निवडला. महापौर साहेबांच्या आडनावाचं हे असं झालं.

छपरासाठी डम्पस्टर घेताना काय बघतात

आता परत टेक्सासच्या त्या ड्राइव्हवेवर येऊ. तिथे जो डबा येतो त्याला रोल-ऑफ म्हणतात. त्याच्या तळाला चाकं असतात. ट्रकची पाठ तिरकी होते आणि डबा घसरत खाली उतरतो. डबा सोडून ट्रकने निघून जायचं, हा विचार मात्र तोच.

अमेरिकेतल्या घरांवर बहुतेक वेळा मातीची कौलं नसतात, डांबराच्या शिंगल्स असतात. दिसायला पातळ, पण वजनाला भारी. तिथे छप्पर स्क्वेअरमध्ये मोजतात, एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट. एका स्क्वेअरच्या साध्या शिंगल्सचं वजन साधारण १०० किलोच्या पुढे जातं. म्हणजे २००० चौरस फुटांचं छप्पर असेल तर एका थराचाच दोन-अडीच टन माल. काही घरांवर जुन्या थरावरच नवा थर ठोकलेला असतो. मग तो दुप्पट.

डबा घनयार्डात मिळतो. १०, २०, ३०, ४० असे आकार. २० यार्डाचा डबा म्हणजे ५४० घनफूट, आपल्या भाषेत जवळजवळ साडेपाच ब्रास. नवखा माणूस हमखास इथे चुकतो. त्याला वाटतं, मोठा डबा घेतला की काम झालं. पण छपराच्या मालात डबा भरायच्या आधी वजनाची मर्यादा संपते. ठरलेल्या टनांच्या वर गेलं की प्रत्येक जादा टनाला वेगळे पैसे. म्हणून आकाराआधी वजन विचारायचं.

बाकी काळज्या साध्या आहेत. डब्याखाली लाकडी फळ्या ठेवायच्या, नाही तर ड्राइव्हवेला भेगा जातात. माल डब्याच्या काठाच्या वर जाऊ द्यायचा नाही, कारण असा डबा ड्रायव्हर उचलत नाही. डबा रस्त्यावर ठेवायचा असेल तर बहुतेक शहरांत परवाना लागतो. रंगाचे डबे, बॅटऱ्या, टायर त्यात टाकता येत नाहीत. आणि घर खूप जुनं असेल तर छपरात ॲस्बेस्टॉस आहे का हे आधी तपासून घ्यायचं, कारण त्याची विल्हेवाट लावायचे नियमच वेगळे आहेत.

डबा भरला, पुढे काय

हे सगळं आपल्याला कशाला, असं वाटू शकतं. आपल्याकडे शिंगल्स नाहीत, ड्राइव्हवे नाहीत. पण राडारोडा आहे.

फ्लॅटची फरशी बदलली, बाथरूम तोडलं, वाडा पाडून इमारत उभी राहिली, की पोत्यांचे ढीग आधी जिन्याखाली आणि मग रस्त्याकडेला येतात. एके रात्री टेम्पो येतो आणि सकाळी ते गायब असतात. कुठे गेले हे कोणी विचारत नाही. नदीपात्र, खाडीचा किनारा, टेकडीचा पायथा, ओढ्याचा काठ. पावसाळ्यात पाणी घरात शिरलं की मग आपण महापालिकेला शिव्या घालतो. देशात २०१६ पासून बांधकामाच्या राडारोड्यासाठी वेगळे नियम आहेत, त्यात तो टाकणाऱ्याचीही जबाबदारी ठरवलेली आहे. मुंबई महापालिकेची फोन केल्यावर डेब्रिज उचलून नेणारी सेवासुद्धा आहे. पैसे भरावे लागतात, म्हणून पोत्याला पन्नास रुपये कमी सांगणारा टेम्पोवाला जास्त जवळचा वाटतो.

डेम्पस्टर यांनी प्रश्नाचा एक भाग सोडवला, माल उचलायचा कसा. तो टाकायचा कुठे, हा भाग त्यांच्या डब्यात कधीच नव्हता. अमेरिकेतही भरलेले डबे बहुतेक वेळा लँडफिललाच जातात. काही ठिकाणी जुन्या शिंगल्स दळून रस्त्याच्या डांबरात वापरतात, पण सगळीकडे नाही.

तुमच्या घराचं शेवटचं काम झालं तेव्हा निघालेला राडारोडा कुठे गेला, हे तुम्हाला माहीत आहे का? माहीत असेल तर कमेंटमध्ये नक्की सांगा. माहीत नसेल तर पुढच्या वेळी टेम्पोवाल्याला पैसे द्यायच्या आधी एकदा विचारून बघा.